रुखवतावरची पाटी

कोल्हापुरात आमच्या पेठेत लग्नघरांचं रुखवत ती मांडून द्यायची. फराळाचं सगळं तीच करायची, पण चव कधी घ्यायची नाही. टेबलापासून चार पावलं मागं सरून एक डोळा मिटायची आणि एखादी करंजी बोटभर सरकवायची.

माझा नवरा साखर कारखान्यातला, म्हणून माझ्या लग्नात तिनं चिरोट्यांच्या चाकांची बैलगाडी केली, तीत शेवेचा ऊस भरला. शेवटी पिशवीतून पाटी काढून पुढं ठेवली, 'वधूने स्वहस्ते केलेले.' प्रत्येक लग्नात तीच पाटी, अक्षरही तिचंच. व्हिडिओवाल्यानं पाटीवर दिवा धरला.

"समदं तूच केलंस व्हय?" सासूबाईंनी विचारलं. मी मान डोलावली. ती माझ्या मागंच उभी होती.

"व्हय की," ती म्हणाली. "पोरीचा हात लई चांगला हाय."

तिला जेवून जा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

सासूबाई खूश झाल्या. दिवाळीचे चिरोटे करायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हापासून दर दिवाळीला मी माहेरी जायचं निमित्त काढून तिच्या दारात उभी राहते. ती डबा पुढं करते आणि वर न बघता म्हणते, "घे. तुझ्या हातचं हाय."