नाल्याच्या तोंडाशी सापडलेल्या वहाणा

नोकरी सुटून इतकी वर्षे झाली, तरी त्या उन्हाळ्यातली ती घटना मला आजही लख्ख आठवते. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. मी नागपूरपासून काही कोसांवरच्या एका खेड्यातल्या ठाण्यात ठाणेदार होतो. गावाचे नाव आणि माणसांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांची मुलेबाळे आजही तिथे नांदत आहेत.

माझ्या हद्दीतल्या एका गावाला मोठा तलाव होता. पावसाळ्यात एक नाला त्यात पाणी आणी, आणि पाण्याबरोबर रेतीही. रेतीने नाल्याचे तोंड बुजले की तलाव भरत नसे. पलीकडच्या काठावर ढीवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती होती. वारा सुटला की लाटा तो काठ खात आणि दरवर्षी एखाद्या घराची भिंत खचे. यावर गावाने जुनी रीत घालून दिली होती. उन्हाळ्यात घरटी एका माणसाने येऊन नाल्याचे तोंड मोकळे करायचे आणि निघालेली रेती बैलगाड्यांनी वळसा घालून वस्तीखालच्या काठावर पसरायची. लाटांनी रेती न्यावी, घरे नेऊ नयेत, एवढाच हेतू. सरकारचा त्यात काही संबंध नव्हता. पंच एका जाणत्या माणसाला देखरेखीला नेमत आणि काठावर ठोकलेल्या खुंट्या पाहून तो सांगेल तिथे गाडी रिकामी होई.

त्या वर्षी हा देखरेख करणारा शेतकरीच एकाएकी नाहीसा झाला.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, खून झाला म्हणून राहिले लोक," तो म्हणाला. नाल्याच्या तोंडाशी खणलेला रेतीचा कडा कोसळला होता. जवळच पाण्याच्या कडेला त्या शेतकऱ्याच्या वहाणा पडल्या होत्या, माणसाचा पत्ता नव्हता. कोतवाल मग आवाज खाली करून म्हणाला, "काल पहाटे मीनं पाह्यलं साहेब. डोंग्यात दोघं होते. संध्याकाळी वापस आला तो एकटा ढीवर."

डोंगा म्हणजे कोरलेल्या लाकडाची लहान होडी. मी रोजनाम्यात नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

गाव तलावावर लोटले होते. शेतकऱ्याच्या थोरल्या भावाने तिथेच फिर्याद दिली. तो ढीवर आणि नाहीसा झालेला शेतकरी यांचे भर कामावर भांडण झाले होते, हे दहा जणांनी सांगितले. रेती वस्तीखाली न पडता भलतीकडे, कुरणाच्या बाजूला पडत होती. ढीवर चिडून ओरडला होता, "माह्या घराखालचा काठ सोडून तिकडं काहून टाकून राहिले? याच रेतीत गाडल्या जाल एक दिवस."

वहाणांचा पंचनामा केला. कोसळलेला कडा माणसे लावून उपसला. भाऊ स्वतः फावडे मारत होता. काही सापडले नाही. मग तलावात जाळी ओढली. तिथेही काही नाही.

ढीवराला ठाण्यात आणले. चाळिशीचा, अंगाने काटक माणूस. पहिल्यापासून एक गोष्ट मला खटकली. खून केलेला माणूस बहुधा फार बोलतो, नाहीतर रडतो. हा जमिनीकडे बघत बसला होता. पाणी दिले तर प्यायला, भाकरी दिली तर खाल्ली.

"डोंग्यात तुझ्यासंगं कोण होतं?"

त्याने मान आणखी खाली घातली.

"अरे, फाशी होईल गा तुले. समजते का?"

"समजते साहेब." तो म्हणाला, "मालक येतीन. मी आणखी काही सांगत नाही." गावातल्या शेतकऱ्यांना ढीवर मालकच म्हणत.

हवालदाराचे म्हणणे पडले की हा बेरकी आहे, जरा दम दिल्याशिवाय बोलायचा नाही. मी त्याला थांबवले. दुसऱ्या दिवशी आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे होते, आणि माझ्याजवळ ना प्रेत होते ना कबुली. बाहेर त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिच्याकडे पाहवत नव्हते.

मी पुन्हा गावात, त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. घरातल्या माणसांपेक्षा घर कधी कधी जास्त सांगते, हा माझा अनुभव. अंगणात एक दोर बांधलेला दिसला. ओसरीच्या खांबापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत. कपडे वाळत घालायचा म्हणावा तर फार खाली होता, कमरेइतका. माणसाचा हात सतत फिरून तो गुळगुळीत झाला होता.

"बाई, हा दोर कशासाठी?" मी विचारले.

शेतकऱ्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यायले दिसत नव्हतं साहेब. दिवाळीपासून नुसतं धुकं धुकं म्हणत. कोणाले सांगू नको म्हणत, पंच काम काढून घेतीन. दुसरा कोणी आला तर गाडीचा वळसा वाचवाले रेती जवळच टाकीन, ढीवरायचे घरं जातीन."

"डॉक्टरला दाखवलं?"

"शहरात जाऊन डोळा कापून घेतो म्हणत होते. मीच आडवी आली. माह्या भावाचे दोनी डोळे असेच गेले कापल्यावर. घरच्या कोणीच हो म्हटलं नाही."

माझ्या छातीवरचे ओझे तिथेच अर्धे उतरले. रेती भलतीकडे का पडत होती, तेही उलगडले. खुंट्याच त्या माणसाला दिसत नव्हत्या.

ठाण्यात परत येऊन मी ढीवरासमोर जमिनीवर बसलो. "तुझ्या मालकाले दिसत नव्हतं ना गा? अन् तू त्याले डोळ्याच्या दवाखान्यात नेऊन घातलं."

त्याने पहिल्यांदाच वर पाहिले. डोळे भरून आले होते. "मी नाही सांगितलं साहेब. तुम्हीच म्हणून राहिले."

मग त्याने सगळे सांगितले. भांडणाच्या वेळी जवळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आले की मालक आपल्या तोंडाकडे नाही, भलतीकडेच बघत बोलत आहेत. संध्याकाळी त्याने त्यांना एकटे गाठून विचारले, आणि पहाटे डोंग्यातून पलीकडे काढून खाचराने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, नागपूरला पोहोचवले. डोंग्यात चढताना काढलेल्या वहाणा काठावरच राहिल्या. कडा त्यानंतर कोसळला.

"तोंड काहून नाही उघडलं मग?"

"पट्टी सुटेपर्यंत सांगायचं नाही, अशी पोराची शपथ घातली होती त्यायनं. अन् डॉक्टर म्हणे, डोकं हालवलं तर डोळा जाईन. घरचे उचलून घेऊन आले असते साहेब."

मी त्याला, भावाला आणि त्या बाईला घेऊन नागपूरला गेलो. त्या दवाखान्याच्या लांबट खोलीत शेतकरी उताणा पडला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पावलांचा आवाज ऐकून त्याने विचारले, "कोण?"

"मी आहो मालक," ढीवर म्हणाला.

"सांगितलं नाही ना गा कोणाले?"

ढीवर माझ्याकडे, मग त्या बाईकडे पाहत म्हणाला, "मीनं नाही सांगितलं. पण सारे इथंच उभे आहेत."

ती बाई खाटेशी खाली बसली आणि तिने नवऱ्याचा हात धरला. "हालू नका," एवढेच ती म्हणाली. थोरला भाऊ दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला, तेव्हा त्याने ढीवराच्या खांद्यावर हात ठेवला. माफीचे शब्द त्याला जमले नाहीत आणि ढीवराने त्यांची वाटही पाहिली नाही.

पुढे नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यांची शाबासकीही मिळाली. पण 'व्यक्ती जिवंत मिळाली, गुन्हा घडलेला नाही' हे वाक्य लिहिताना जेवढे हलके वाटले, तेवढे पुन्हा क्वचितच वाटले. गप्प बसलेला माणूस दिसला की तो काय लपवतो हे आम्ही पोलीस आधी विचारतो. तो कोणाला जपतो, हेही विचारायला मी त्या प्रकरणापासून शिकलो.

काही दिवसांनी तपासाचे कागद पुरे करायला मी त्या गावी गेलो. शेतकऱ्याची पट्टी सुटली होती, डोळा चांगला उघडला होता, पण उन्हात फिरायला मनाई होती. रेतीच्या देखरेखीला पंचांनी त्या ढीवराला उभे केले होते. रेतीने भरलेली पहिली गाडी वळसा घालून वस्तीखालच्या काठावर आली. ती थोरला भाऊ स्वतः हाकत होता.

"इथं टाकू का गा?" त्याने विचारले.

"थोडी पुढं घ्या मालक," ढीवर म्हणाला, आणि भावाने गाडी पुढे घेतली.