मालगाडीच्या दहा फेऱ्या

माझी पत्नी खालावत होती, की माझे मोजमाप चुकत होते? एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे.

मरोळच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या खिडकीखाली, प्लायवूडच्या सहा फुटी फळीवर माझी छोटी रेल्वे आहे. सोळा तुकड्यांचा लंबगोल रूळमार्ग, एक सिग्नल, एक इंजिन आणि मालगाडीचे सहा डबे. शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी ती चालवतो. पत्नीला हृदयविकाराचा झटका आला आणि ती बारा दिवस रुग्णालयात होती, तेवढाच काय तो खंड.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज चालायचं. चालणं हळूहळू वाढायला हवं. कमी होऊ लागलं तर थांबू नका, लगेच घेऊन या."

घड्याळ लावून चालायला पत्नीने साफ नकार दिला. काट्याकडे नजर गेली की तिच्या छातीत धडधडायचे. "तुमची गाडी चालू द्या," ती म्हणाली. "तिच्या दहा फेऱ्या होईपर्यंत मी चालते. परीक्षेला बसल्यासारखं तरी वाटणार नाही."

बाल्कनीच्या दारापासून ओट्यापर्यंत जाऊन परत येणे ही तिची एक खेप. पहिल्या दिवशी सहा खेपा झाल्या. गाडीच्या दहा फेऱ्यांना पाच मिनिटे लागली. दोन्ही आकडे वहीत लिहिले. वेगाच्या बटणावर पेन्सिलीने खूण केली आणि रोज त्याच खुणेवर गाडी सोडू लागलो. खूण तीच म्हणजे वेग तोच, असे समजून वेळ नोंदवणे मी बंद केले.

बंद राहिल्याने रूळ काळवंडले होते. म्हणून रोज गाडी सोडण्याआधी एक तुकडा स्पिरिटने पुसायचा, असा क्रम ठरवला.

चौथ्या दिवशी सहा खेपा. आठव्या दिवशी पाच. अकराव्या दिवशी ती जरा भरभर चालल्यासारखी वाटली, तरी पाचच. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेराव्या दिवशी चार.

मी इंजिन थांबवले आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

"कुठे निघालात?"

"आपण निघालोय. तुझी फाईल कुठे आहे?"

"का? मला काय झालंय?"

"सहाच्या चार झाल्या."

ती खुर्चीत टेकली आणि माझ्याकडे पाहतच राहिली. "अहो मास्तर, मी आहे तशीच आहे. तुमची मालगाडी मेल झालीय! आधी सिग्नलपाशी अडखळायची, आता सुसाट जाते. या वयात मी तिच्याशी शर्यत लावू काय?"

"खूण तीच आहे," मी चिडून म्हणालो.

"मग लावा ना घड्याळ! माझ्यावर नको, तिच्यावर."

फेऱ्या तिने मोजल्या, वेळ मी पाहिली. दहा फेऱ्यांना तीन मिनिटे दहा सेकंद.

वही उघडून भागाकार केला. पहिल्या दिवशी एका खेपेला पन्नास सेकंद लागले होते. आज साडेसत्तेचाळीस. ती मंदावली नव्हती, किंचित सुधारली होती. पुसलेल्या रुळांतून इंजिनाला वीज नीट मिळू लागली होती आणि त्याच खुणेवर ते दिवसेंदिवस जोरात धावत होते. तेरा तुकडे मी स्वतःच्या हाताने पुसले होते. मोजण्याचे साधन आधी तपासावे, हे मी वर्षानुवर्षे सातवीच्या वर्गाला सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले. तरी बॅग आठवडाभर दारापाशीच राहिली. उरलेले तीन तुकडे मी पुसले, गाडी रोज चालवली. मात्र गाडीच्या फेऱ्यांची वेळ आता, पत्नीला घड्याळ दिसणार नाही असे धरून, रोज नोंदवतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या घरात कुणाची प्रकृती ज्या मापाने मोजत असाल, ते माप आज घड्याळ लावून स्वतः तपासून पाहा.