आक्का कुणाकडं जास्त बसायची

सुमनआक्का गेली. काल तिचं तेरावं झालं, आणि तिथं पंगतीत बसूनसुद्धा मला नागम्माचा राग येत होता.

खोटं कशाला लिहू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गल्लीत सहा-सात बायका घरी बसून शाळेच्या युनिफॉर्मचं काम करतात. मी शर्टांना बटणं लावते, धागे कापते. गठ्ठा आणून द्यायची आणि झालेला माल तपासून न्यायची ती सुमनआक्का. स्कूटीवर पुढं एक गठ्ठा, मागं दोन.

लोक म्हणतात, घरी बसून काम म्हणजे बरंय की. उन्हात जायला नको, लेकरू डोळ्यांसमोर.

लेकरू डोळ्यांसमोर होतं, खरंय. श्रेया तेव्हा दीड वर्षाची. हे सकाळी सातला चिंचोळी एमआयडीसीत जायचे, रात्री आठला यायचे, जेवून झोपायचे. माळशिरसला माहेरी आम्ही अकरा माणसं. इथं दिवसभर मी, श्रेया आणि शर्ट.

'काऊ बघ, माऊ बघ' बोलून बोलून अशी सवय लागली की एकदा दुकानात जाऊन "दूदू द्या" म्हणाले.

दुकानदार हसला. मी घरी येऊन रडले.

दिवसभरात माझ्याशी बोलणारं मोठं माणूस एकच, आक्का.

श्रेयाला मांडीवर घ्यायची, बिनसाखरेचा चहा प्यायची आणि विचारायची, "मग, काय केलंस गं आज?"

दुसरं कुणी हे विचारत नव्हतं.

दहा मिनिटं. मग पुढचं घर, नागम्माचं.

माझ्या खिडकीतून तिच्या दारातली स्कूटी दिसायची. मी हिशोबाला पक्की. घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. मी दहा. नागम्मा पंचवीस.

कधी आक्का उलटीकडून यायची. मी चहाला आधण ठेवायला उठायची.

"नगं गं, नागम्माकडं झाला."

त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

मग एकदा माझ्या हातून एका शर्टाची सगळी बटणं अर्धं बोट सरकली. आक्का म्हणाली, "चुकलंय ह्ये. उसव, परत लाव. मी बसते तवर."

अर्धा तास बसली!

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक शर्ट मुद्दाम चुकवायला लागले.

मी, जी वीतभर दोरा वाया जाऊ देत नाही. सोमवारी उपास करून सिद्धेश्वराच्या देवळात कान धरायची, 'देवा, माफ कर' म्हणायची. मंगळवारी परत एक शर्ट वाकडा.

"सगळे शर्ट सरळ, आन् एकच वाकडा कसा गं हुतो?"

"लक्ष नव्हतं आक्का."

"व्हय की. लक्ष नसतंय एकेकदा."

आणि बसायची.

एक दिवस श्रेयाला ताप होता. तिला खांद्यावर घेऊन कसंबसं काम उरकलं. चुकवायचं भानच राहिलं नाही. सगळा गठ्ठा सरळ.

आक्कानं तपासला. परत एकदा तपासला. 'थांब' म्हणायला तोंड उघडेना.

आक्कानं पिशवीतली छोटी कात्री काढली आणि वरच्याच शर्टाचं तिसरं बटण कचकन कापलं.

"ह्ये ढिलं हुतं. लाव परत. पोरीला दे हिकडं, मी बसते."

ते ढिलं नव्हतं. माझं बटण ढिलं नसतं.

म्हणजे हिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. आयुष्यात एवढ्या सावकाश बटण मी कधी लावलं नाही.

श्रेया आता तिसरीत आहे. इतकी वर्षं मी मनात धरून होते, की अख्ख्या गल्लीत आक्काचं खरं माणूस मीच. बाकीच्यांकडं ती कामापुरती.

आणि काल पंगतीत नागम्मा शेजारी बसली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आक्का माझं चांगलं लावलेलं बटण कापायची बघ. ढिलं आहे म्हणायची. लाव, मी बसते म्हणायची."

मी उचललेला घास ताटात ठेवला.

"कितीदा?"

"काय कितीदा?"

"कितीदा कापलं?"

"असं कोण मोजतंय का गं? तीन-चारदा असेल की."

माझं एकदाच.

नागम्माचा नवरा तेव्हा भिवंडीला लूमवर होता. दोन लहान पोरं घेऊन ती एकटीच राहायची. हे मला माहीत होतं. वहीत मिनिटं लिहिताना कधी आठवलं नाही.

आक्का आजारी पडल्यापासून गठ्ठा टेम्पोनं येतो. हॉर्न वाजतो, दारात टाकतो, जातो. चुकलं असेल तर मोबाइलवर फोटो येतो. बसत कुणी नाही.

आता एक गोष्ट, जी मी ह्यांनासुद्धा सांगितली नाही.

आक्का, तू कापलेलं ते बटण मी परत लावलंच नाही. माझ्या डब्यातलं दुसरं लावलं. तुझं घरंगळत कोपऱ्यात गेलं होतं, ते उचलून देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. अजून आहे.

नागम्मानं तिची सगळी परत लावून टाकली. ती कुठल्या तरी पोरांच्या शर्टावर शाळेत गेली.

नागम्मा हे वाचणार. वाचू दे. नागम्मा, उद्या काम घेऊन माझ्याकडं चहाला ये. बटण दाखवते. हातात देणार नाही.

आक्का, आज देवापुढं बिनसाखरेचा चहा ठेवलाय. आता कुठं पुढचं घर नाही, गठ्ठा नाही.

पाहिजे तेवढा वेळ बस.

भरल्या मनानं तुला नमस्कार.