तो ‘येतो’ म्हणाला होता
आज आईने हळदीचं दूध उकळायला ठेवलं आणि मोबाईलवर बातमी आली, तो गेला! तोच इंग्लिश रॉक बँडवाला गायक!

तेव्हा आम्ही कतारला राहायचो, मी सातवीत होते. बँड मोडल्यावर तो एकटाच तिथे दोहा शहरात गायला आला आणि ऐन शोच्या दिवशी त्याचा घसा बसला. शोचं साउंड बघणारे आमचे बाबा त्याला सरळ अल हिलाल भागातल्या आमच्या घरीच घेऊन आले. आईने हळदीचं दूध दिलं. तोंड वाकडं करत प्यायला, पण आवाज सुटला ना! निघताना बाबांकडून शिकलेलं मराठी फेकलं, “जातो!”

आई दारातच ओरडली, “अहो, जातो काय? येतो म्हणा!”

“येतो,” तो घोगरं हसत म्हणाला.

तेव्हा मी हसून लोळले होते. आज आईने नकळत एक कप जास्त भरला, आणि आम्ही दोघी दाराकडेच बघत बसलो.