डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — ती गल्लीभर सांगत फिरते, "आमचं पोरगं तोंडावर बोलतंय, पाठीमागं न्हाय." मग आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

हातकणंगल्यात आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहाटेची पॅसेंजर धरून कोल्हापूर गाठायचं — अकरावीपासून अशी पाच वर्षं काढली. बी.कॉम.चं सर्टिफिकेट वडिलांनी देव्हाऱ्याच्या वर टांगलं. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, लपवत नाही.

दिलीप माझा कॉलेजातला दोस्त. शेवटच्या वर्षी तो नापास झाला, तेव्हा निकालाच्या बोर्डापुढं आम्ही तिघंच होतो — तो, मी आणि अनिल. त्यानं पुन्हा परीक्षा दिलीच नाही. पुढं त्याचं लग्न ठरलं आणि पत्रिकेत नावापुढं छापून आलं — बी.कॉम. आमच्याकडं नवऱ्या मुलाची पदवी पत्रिकेत लागतेच. मी आणि अनिल गप्प बसलो. दोस्तच की!

मग नंतर मला काय खुपलं?

कॉलेज सुटून पाच-सहा वर्षं झाल्यावर आम्ही जुने सगळे दोन दिवस पन्हाळ्यावर गेलो. जोडीजोडीनं, अनिल तेवढा एकटा. जीप दिलीपची, विनोद दिलीपचे. लगोरीला गट पाडले तर दोन्हीकडच्यांना दिलीपच पाहिजे. मला सगळ्यांत शेवटी घेतलं — उरलो म्हणून. आणि जेवताना वैशालीवहिनी, म्हणजे दिलीपची बायको, कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या माहेरी पदवीधर जावई हेच पहिले." पॅसेंजर मी धरली — आणि मान ह्याला?

दुपारी चिठ्ठ्यांचा खेळ निघाला. प्रत्येकानं कुणाचं तरी एक गुपित नाव न घालता लिहायचं, चिठ्ठी टोपीत टाकायची, एकानं उचलून वाचायची, बाकीच्यांनी माणूस ओळखायचा. कुणी लिहिलं, सरांच्या सायकलची हवा सोडली होती. कुणी लिहिलं, कुत्र्याला भिऊन झाडावर चढला होता. मी — डाव्या हातानं, अक्षर ओळखू नये म्हणून — लिहिलं, 'लग्नपत्रिकेत बी.कॉम., निकालात नापास.'

ती चिठ्ठी वहिनींच्याच हाताला लागली. वाचून आधी त्याच हसल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच काय हो?"

हसत 'व्हय, मीच' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? खेळ पुढं गेला असता. पण — माझी पदवी!

"माझं सर्टिफिकेट भिंतीला हाय, वहिनी. दुसरा बघा."

मग एकेक जण हसत शपथ घेत गेला. दिलीपपाशी येऊन हसणं थांबलं.

"मीच त्यो," तो म्हणाला.

वहिनी त्या चिठ्ठीची घडी घालत राहिल्या. बारीक, आणखी बारीक.

दिलीपनं माझ्याकडं आणि अनिलकडं बघितलं — माहीत असणारे आम्ही दोघंच. चिठ्ठी लिहिणारा म्हणून कुणीतरी माझं नाव घेतलं, तर दिलीपच म्हणाला, "त्याला सोडा. त्याला बोलायचंच असतं तर तोंडावर बोलला असता."

"मी न्हाय लिव्हलं, दिल्या," अनिल एकदाच म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. मी वाचून टाकलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला लागलो. अनिल पिशवी उचलून एस.टी. स्टँडकडं चालत गेला.

वाईट वाटलं का? खरं सांगू — दिलीपचा चेहरा उतरला, त्या घडीला मला बरं वाटलं होतं.

दिलीप त्यानंतर अनिलशी बोलला नाही. माझ्यावर मात्र जीव टाकतो. काही वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा पत्रिकेचा मजकूर लिहायला त्यानं मलाच बोलावलं. "तू शिकलेला, सरळ माणूस." वहिनींनी चहा आणून ठेवला. "पदव्या तेवढ्या नीट बघून घाला, भाऊजी," म्हणाल्या. हसल्या नाहीत.

पत्रिका छापून आल्यावर निमंत्रणाची यादी पुढं आली. कॉलेजातली सगळी नावं होती. अनिलचं नव्हतं.

"कोण ऱ्हायलंय काय रं?" दिलीपनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. आणि उजव्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात, पाकिटांवर नावं घालायला घेतली.