खांबावर चढण्याआधी

पुण्यातली नोकरी मी घरात कुणालाही न विचारता सोडली आणि नाशिकरोडला येऊन आईला थाप मारली, "सुट्टीवर आलेय." चौथ्या दिवशी बाबांनी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी?" मग सांगावंच लागलं की मला व्हिडिओ गेम बनवायचाय. कॉलनीत अंधार झालाय, एक मुलगी खांबावर चढते आणि एकेका घराची लाईट आणते, मागे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी, असा गेम. बाबा रिटायर्ड लाईनमन. म्हटलं, खूश होतील. कसलं काय! पेपर उघडून वाचत बसले.

गेमची एकच गल्ली तयार होती. बाकीची बनवायला वर्षभराचा खर्च हवा, म्हणून मी इंटरनेटवर क्राउडफंडिंगचं पान उघडलं. महिन्यात ठरलेली रक्कम जमली तरच पैसे हातात, नाहीतर ज्याचे त्याला परत. बाबांनी तीच मुदत मला लावली. "जमलं तर ठीक. नाहीतर बॅग भर आणि कंपनीचे पाय धर."

पान मी एकदम झकपक इंग्रजीत लिहिलं होतं. बारा दिवसांत नऊ जणांनी पैसे दिले, त्यातले चार पुण्याचे मित्र, तेही भिडेखातर. माझा चेहरा बघून बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "म्हणजे वर्गणीच ना ही?"

"वर्गणी नाही हो बाबा!"

"लोकांकडून आधी पैसे घ्यायचे, मग काहीतरी करून दाखवायचं. गणपतीत इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? पण मी दारोदार जायचं तर आधी माल दाखव."

मी मोबाईल हातात दिला. गेममधली मुलगी तरातरा खांबावर चढली आणि बाबांनी मोबाईल दिवाणावर टाकला.

"परमिट कुठंय हिचं?"

"गेम आहे बाबा!"

"असू दे. लाईन बंद झाल्याचं परमिट घेतल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. आणि परमिट देणारा स्विचपाशी थांबतो. वरचा माणूस खाली येऊन कागद परत देत नाही तोवर तो जागचा हलत नाही. हे नसलेला गेम मी लोकांना कुठल्या तोंडानं दाखवू?"

मला असला राग आला! दोन दिवस गेमला हातच लावला नाही. मग मुकाट्यानं परमिट घातलं. आता मुलगी आधी स्विचपाशी बसलेल्या काकांकडून कागद घेते, काम करते, खाली उतरून तो परत देते आणि मग अख्खी गल्ली एकदम उजळते. खरं सांगायचं तर आधीचा गेम मिळमिळीत होता. आता कागद परत देताना माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

मग बाबा वर्गणीला निघाले. सोबत तीन रिटायर्ड मित्र, सगळ्यांच्या हातात मोबाईल. पानावर कमीत कमी रक्कम पाचशे रुपये होती. बाबा म्हणाले, "एक्कावन्न ठेव, एवढे नाहीत म्हणायला लोक लाजतात." ठेवले. समोरच्या काकूंनी विचारलं, "प्रसाद काय मिळणार?" मी म्हटलं, गेममधल्या एका दारावर तुमचं नाव. "मग तोरण पण लाव, आणि आमची लाईट पहिली आण." पुढं प्रत्येकालाच आपली लाईट पहिली हवी होती. बाबांच्या मित्रांनी इगतपुरी, नांदगावच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, त्यांनी आणखी कुणाकुणाला. परमिटचं नाव काढलं की लाईनमन मंडळी लगेच खुलायची.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी रक्कम पूर्ण झाली. मी किंचाळले, आई देवाजवळ साखर ठेवायला धावली. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. गेले ते गेलेच. अजून नाहीच म्हणायचंय की काय?

ते आले ते जुनं, पिवळं पडलेलं परमिटचं पुस्तक घेऊन. चष्मा लावून सावकाश एक पान भरलं. कामाचं स्वरूप : गेम बनवणे. मुदत : एक वर्ष. खाली परमिट देणाऱ्याच्या जागी स्वतःची सही.

"नोकरी सोडायच्या आधी घ्यायचं होतंस हे," ते म्हणाले. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? चढ. मी बसलोय खाली."