स्टार लागलेली सुनीता

"मॅडम, हे वाचून दाखवा," असं म्हणत अधीक्षक साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे फिरवला. स्क्रीनवर नावं, आकडे आणि चित्रविचित्र चिन्हं एकमेकांना चिकटून सलग पसरली होती. धुळ्याच्या एका नर्सिंग स्कूलचं ऑफिस होतं ते. प्रवेशाची यादी चार वाजता बोर्डावर लावायची होती. जागा वीस. यादीत नाव नाही त्या मुलीचं वर्ष गेलं. मी पोहोचले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि दाराबाहेर बाकावर शिरपूरकडचे एक आबा आधीपासून बसलेले होते. "बाई, यादी कव्हय लागी?" यादी कधी लागणार ते त्यांनी मलाच विचारलं.

झालं होतं असं की, ऑफिसचा प्रोग्राम आदल्या दिवसापासून उघडतच नव्हता आणि तो लिहून देणारा माणूस गाव सोडून गेला होता. ऑपरेटर सोनवणे भाऊंनी सगळ्या अर्जांची फाइल त्याआधीच फ्लॉपीवर कॉपी करून ठेवली होती, एवढंच नशीब. मी तेव्हा जळगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि अशी अडलेली कामंही करायचे.

डेटाबेसमध्ये प्रत्येक अर्जाला ठरलेले कप्पे असतात. नावाला तीस अक्षरं, गावाला वीस, असे. कुठला कप्पा कुठे संपतो ते फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. ते न वाचता फाइल उघडली की सगळ्याचा काला होतो. ते वाचून साधी टेक्स्ट फाइल करून देणारी छोटीशी युटिलिटी माझ्या पर्समधल्या फ्लॉपीवर होती.

"कुठून घेतली?" साहेबांनी विचारलं.

"फुकट असते. ज्याने लिहिली त्यानेच वाटायला सांगितलंय."

"फुकटच्या वस्तूवर मी यादी लावू?"

"विकतच्या प्रोग्रामने कालपासून काय दिलं, साहेब?"

साहेबांनी चहा मागवला. तोच होकार समजून मी फाइलची कॉपी केली आणि कॉपीवर युटिलिटी चालवली. पाच मिनिटांत प्रिंटर करकरू लागला. एका ओळीत एक मुलगी, सगळं स्वच्छ. फक्त दोन ओळींच्या सुरुवातीला स्टार होता.

"प्रिंटरची चूक असेल, खोडून टाका," साहेब म्हणाले.

"हे आधीच खोडलेलं आहे," मी म्हटलं.

त्या जुन्या डेटाबेसमध्ये डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. अर्जाला नुसता स्टार लागतो आणि प्रोग्राम तो अर्ज दाखवायचं बंद करतो. माझ्या साध्याभोळ्या युटिलिटीला लपवाछपवी येत नव्हती. जे होतं ते तिने छापलं.

एक स्टार AAAA BBBB ला होता, म्हणजे चाचणीची एंट्री. दुसरा PATIL SUNITA BHIKA ला, एक्याऐंशी टक्के. तिच्या वरच्याच ओळीत तेच नाव, तेच गाव, बिनस्टारचं, चोपन्न टक्के.

"डबल एंट्री होती मॅडम," सोनवणे भाऊ म्हणाले. "म्हणून एक काढली."

"जन्मतारीख बघितली?"

"नाव तेच, बापाचं तेच, गाव तेच. अजून काय बघायचं?"

खानदेशात जन्म काढलेला माणूस हे विचारत होता. आमच्याकडे गावात 'पाटील' म्हणून हाक मारली की अर्धी गल्ली वळून बघते. आणि आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव भिका ठेवायचं, तेव्हा तेही घरोघर. मला राग आला होता, पण मी कागदी अर्जांचं कपाट उघडायला सांगितलं. दोन अर्ज निघाले, दोन फोटो, दोन जन्मतारखा. सोनवणे भाऊ पंख्याकडे बघत राहिले.

साहेबांनी यादी नव्याने काढायला लावली. एक्याऐंशीवाली सुनीता तिसरी आली. विसावी मुलगी एकविसावी झाली. तिला ते कधी कळलं नसेल, पण मला ती अजून आठवते.

चारला पाच कमी असताना यादी लागली. आबा बोर्डापाशी आले. त्यांच्या हातातल्या गुणपत्रिकेवर एक्याऐंशी टक्के होते. "मनी सुनीतानं नाव शे का?" मी वाचून दाखवलं, टक्क्यांसकट. "आखो एकदाव वाचा, बाई," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

निघताना साहेबांनी हळूच विचारलं, ती फुकटची फ्लॉपी इथे ठेवता येईल का. मी कॉपी दिली. सोनवणे भाऊंना एवढंच सांगितलं की, डिलीट करण्याआधी जन्मतारीख बघा. खोडलेलं नाव कॉम्प्युटर जपून ठेवतो, बोर्ड ठेवत नाही.